एका दमात चौदा

मी बरा झालो त्याला आता तिसरं वर्ष लागलं. ‘बरा झालास’ असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. आमच्या हरिपुरात नदीच्या घाटाला पायऱ्या किती, हे कुणाला विचारलंत तर सांगता यायचं नाही, कारण धडधाकट माणूस पायऱ्या मोजत नाही. मी मोजतो. नऊ झाल्या की थांबतो, नदी बघतोय असं दाखवतो आणि मग दहावीवर पाय टाकतो. येणारेजाणारे म्हणतात, दत्तूला अलीकडं नदीचं लय वेड लागलंय. लागू दे.

ज्याचा ताप उतरलाय, जो चार घास खातोय, ज्याला घरचे म्हणतायत की आता पुरे झालं, उठ आणि कामाला लाग, आणि ज्याला स्वतःलाच कळत नाही की आपल्याला झालंय तरी काय, त्याच्यासाठी हे लिहितोय. मी सातवी पास आहे, डॉक्टर नाही. औषधाचं मला काही विचारू नका. मला माझ्या छातीचं ठाऊक आहे, आणि आणखी एका माणसाच्या छातीचं ठाऊक होतं. ते वेळेवर सांगितलं नाही, म्हणूनही हे लिहितोय.

*

आमचं काम पेवातलं. बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. सांगलीच्या बाजारात जी हळद येते, तिच्यातली बरीचशी व्यापारी आमच्या गावच्या जमिनीत पुरून ठेवतात. वीस-पंचवीस फूट खोल खड्डा, पोट मोठं, तोंड एक माणूस कसाबसा आत शिरेल एवढंच. त्याला पेव म्हणायचं. वर्षभर हळद आत राहिली तरी तिला कीड लागत नाही. पण बंद पेवात हवा मरते. तोंडावरची फरशी सरकवून जो लगेच आत उतरेल तो परत वर यायचा नाही. म्हणून पेव उघडून तसंच ठेवायचं आणि मग दोराला कंदील बांधून तळापर्यंत सोडायचा. विझला तर थांबायचं. पेटत राहिला तर उतरायचं. आमचा बाप असंच करत होता, त्याचा बापही असंच करत होता.

टोळीचा मुकादम माझा थोरला भाऊ शिवा. मी त्याला दादा म्हणायचो. पोतं एकट्यानं पाठीवर घेणारा, बोलायला फटकळ, मनात काही न ठेवणारा. नवा माणूस पेवाच्या तोंडाशी घाबरून उभा राहिला की दादाचं एकच बोलणं असायचं.

“कंदील पेटतोय न्हवं? मग मानसाला काय हुतंय?”

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलं आणि त्यावर माझा पुरता विश्वास होता.

*

दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या थंडीतली गोष्ट. माझी बायको सुंदरा कडेगावची. तिचा भाऊ पलटणीतून सुटून घरी आला म्हणून आम्ही दोघं भेटायला गेलो. तो सारखा शिंकत होता, डोळे लाल झाले होते, पण त्या आनंदात तिकडं बघतंय कोण. दोन दिवस त्याच्या मांडीला मांडी लावून जेवलो. घरी परतल्यावर मला हुडहुडी भरली. कंबर, पाठ, डोळ्यांच्या खोबण्या, सगळं ठणकायला लागलं. गल्लीतल्या म्हाताऱ्या दारात येऊन म्हणाल्या, मानमोडी परत आली. त्यांच्या तरुणपणी त्या तापानं घरंच्या घरं रिकामी केली होती, त्यामुळे त्या उंबऱ्याच्या आत काही आल्या नाहीत.

आमच्याकडं पडशा-खोकल्यावर एकच औषध. निखाऱ्यावर हळकुंड टाकायचं आणि वाकळ डोक्यावर घेऊन धूर ओढायचा. सुंदरानं दिवसातून तीनदा तो धूर दिला. माझा जीव जायचा, पण तिच्या तोंडाकडं बघून नको म्हणवत नव्हतं.

पाचव्या दिवशी ताप उतरला. भाकरीचा पापुद्रा दुधात कुस्करून खाल्ला, अंगणात उन्हाला बसलो. दादा येऊन बघून गेला आणि सोमवारी कामावर ये म्हणाला. मीही हो म्हणालो. ताप गेला म्हणजे आजार गेला असं घरात सगळ्यांनीच धरलं होतं, आणि सगळ्यांत आधी मी.

सातव्या दिवशी दुपारी परसात गेलो आणि परत येताना मध्येच उभा राहिलो. दार समोर दहा पावलांवर होतं, पण तिथपर्यंत जायला छातीत वाराच नव्हता. तोंड उघडं, खांदे वर-खाली होतायत आणि आत काहीच जात नाही. सुंदरा धावत आली, तिनं माझा हात धरला आणि हाताकडं बघत राहिली. हळदीत काम करणाऱ्याची नखं बारा महिने पिवळी असतात. त्या दिवशी त्या पिवळ्याखालून निळं दिसत होतं.

दादानंच गाडी जुंपली. बैलांना त्यानं कधी चाबूक लावला नव्हता, त्या दिवशी लावला. सुंदरा मला पाठीमागून धरून बसली होती, कारण आडवं केलं की बुडाल्यासारखं व्हायचं. मिरज येईपर्यंत दादा एकदाही मागं वळला नाही. पुढं सुंदरा म्हणाली की तो रडत होता.

*

दवाखान्यात मी पाच आठवडे होतो. पहिल्या आठवड्याचं फारसं आठवत नाही. फिनेलचा वास आठवतो, आणि हवेचं लोखंडी नळकांडं आठवतं. आमच्या खोलीत ते एकच होतं. चाकाच्या गाड्यावर घालून ह्या खाटेवरून त्या खाटेवर न्यायचे. त्याचं एक चाक कुरकुरायचं. डोळे मिटून पडलेले आम्ही सगळे त्या कुरकुरण्याकडं कान लावून असायचो. जवळ आलं की जीवात जीव यायचा. पुढं गेलं की ज्याच्याकडं गेलं त्याचा राग यायचा. मरायला टेकलेल्या माणसाचा असा राग येतो, हे मला आधी माहीत नव्हतं. लाज वाटते, पण येत होता.

शेजारच्या खाटेवर वडूजकडचे एक म्हातारबा होते, जिराईत शेतकरी. त्यांनाही हाच ताप होऊन गेला होता. मी हवेसाठी धडपडायला लागलो की ते कुशीवर वळून हळूच सांगायचे.

“मोटा स्वास वडू नगंस, गड्या. ल्हान दोन घे. तेवडं तरी पदरात पडत्यात.”

दवाखान्यात मला जे जे मिळालं त्यात हेच सगळ्यांत उपयोगी पडलं. आजही घाटावर थांबलो की मी लहान दोन घेतो. म्हातारबांना घरी सोडायचं ठरलं. मुलगा न्यायला येणार म्हणून ते सकाळपासून पटका बांधून खाटेवर बसले होते. दुपारी बसल्या जागीच मान कलली. मुलगा संध्याकाळी आला. तोवर खाटेवरची चादर बदलून झाली होती.

*

माझ्या छातीचा फोटो काढला. चौथ्या आठवड्यात डॉक्टरसाहेबांनी तो खिडकीच्या उजेडात धरून मला दाखवला. वयस्कर माणूस, बोलणं शांत. काळं दिसतं तिथं वारा खेळतो, म्हणाले. पांढरं दिसतं तिथं जात नाही. खालचा अर्धा भाग दोन्हीकडं पांढरा होता.

मी विचारलं की हा रोग कधी निघायचा. डॉक्टर म्हणाले, रोग केव्हाच गेला. ताप उतरला तेव्हाच गेला. हे जे पांढरं आहे ते तुझ्याच शरीराचं काम. मला काही कळेना. तेव्हा ते खाटेच्या कडेला टेकले.

“घरात साप शिरला असं समज. सगळं गाव काठ्या घेऊन आत घुसलं आणि अंधारात दिसेल तिथं हाणत सुटलं. साप मेला. पण घरातलं मडकं-गाडगं फुटलं, भिंती पडल्या. तुझ्या रक्तानं तेच केलंय. तू अंगानं दांडगा, म्हणून काठ्याही जास्त आल्या.”

मग पडलेल्या भिंती कधी उभ्या राहतील, असं मी विचारलं. ते म्हणाले की जिथं फुटलं तिथं आता वण धरला. हाताला भाजल्याचा वण असतो तसा. तो घट्ट असतो, फुगत नाही. थोडं सुधारेल, पण होतं तसं होणार नाही. पेवात उतरायचं नाही, धूर घ्यायचा नाही, ओझं उचलायचं नाही. मी म्हणालो, साहेब, मग मी करू काय? त्यांनी फोटो परत पाकिटात घातला.

निघायच्या दिवशी त्यांनी एक गोष्ट शिकवली. एक दम भरून घ्यायचा आणि तो सुटेपर्यंत मोठ्यानं आकडे म्हणायचे. चांगल्या छातीचा माणूस तीस-चाळीस सहज म्हणतो. मी अकरावर संपलो. महिन्यातून एकदा असं म्हणत जा, म्हणाले, आणि कमी झाले तर ये. खाली जाणारा आकडा लपवायचा नाही, एवढं लक्षात ठेव.

*

घरी आलो तर वहिनीनं, म्हणजे दादाच्या बायकोनं, माझी थाळी आणि तांब्या वेगळ्या कोनाड्यात ठेवलेला. सारं गाव म्हणत होतं की दत्तूला क्षय झालाय. डॉक्टरांनी क्षय नाही म्हणून सांगितलं होतं, पण गावाला डॉक्टर ऐकू येत नाही. सुंदरा त्या कोनाड्यापुढं उभी राहिली, माझी थाळी काढली, तीत स्वतःला वाढून घेतलं आणि सगळ्यांच्या देखत जेवली. दुसऱ्या दिवसापासून थाळी परत मांडणीत आली.

उन्हाळाभर ती हळद निवडायला जायची आणि मी घरात बसून राहायचो. बघणाऱ्याला मी ठणठणीत दिसत होतो. बसलेल्या माणसाचा दम कुणाला दिसत नाही. नाक्यावरचे लोक विचारायचे, काय पाटील, अजून आराम चाललाय का? आम्ही पाटील नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

मी दवाखान्यात असतानाच दादालाही तो ताप येऊन गेला होता. चार दिवस निजला आणि पाचव्या दिवशी पेवावर हजर झाला. हे मला वहिनीनं सांगितलं, आणि कशासाठी सांगितलं ते कळायला मला वेळ लागला नाही. दादा मात्र स्पष्ट बोलला. म्हणाला, “मला बी आलाच की ताप. मी काय मिरजंला जाऊन निजलो व्हय?”

हे मला लय लागलं. ज्यानं रडत रडत गाडी हाकली तोच हे बोलत होता. मी तिथून उठून गेलो.

श्रावणात पेवं उघडायला सुरुवात झाली, माणसं कमी पडली आणि दादानं मला बोलावलं. सुंदरा आडवी आली, डॉक्टर काय म्हणाले होते ते तिनं दोनदा सांगितलं. पण मलाच जायचं होतं. मी आळशी नाही एवढं मला दाखवायचं होतं. कंदील खाली सोडला. तळाशी जाऊन छान पेटत राहिला. दादानं माझ्याकडं बघितलं, मी दोर धरला आणि उतरलो.

आतली ऊब, हळदीची धूळ, ती कोंदट हवा. सगळं ओळखीचं होतं. फावडं चार वेळा मारलं असेल. पाचव्यांदा उचललं ते हातातून गळालं. शेजारी कंदील पेटत होता. मी त्याच्याकडं बघत खाली बसलो आणि मनात म्हणत होतो, हा पेटतोय, मग मला काय होतंय? पुढं मला कळलं नाही. दादा खाली उतरला, त्यानं माझ्या काखेत दोर अडकवला आणि मला वर काढलं.

शुद्धीवर आलो तेव्हा तो माझ्या उशाशी बसला होता. धापा टाकत होता, ओठ काळसर झाले होते. मला वाटलं, मला उचलल्यामुळं दमला असेल. तो एवढंच म्हणाला की ह्यापुढं तू खाली जायचं नाहीस, वर दोरापाशी बसायचं. टोळीतल्या कुणीही मला पुन्हा आळशी म्हटलं नाही.

*

वर बसून दोर धरणाऱ्याला एकच काम असतं, खालून येणाऱ्या माणसाकडं बघायचं. मी दादाकडं बघायला लागलो. तो वर आला की मुंडासं सोडायचा आणि परत बांधायचा. सोडायचा आणि परत बांधायचा. आधी वाटलं सवय असेल. मग ध्यानात आलं की मी नदी बघतो तसाच तो मुंडासं बांधतो.

एकदा तो माझ्या जवळ टेकून बसला आणि मला त्याच्या छातीतून आवाज आला. कानापाशी केस चोळल्यावर येतो तसला बारीक चुरचुर आवाज. दवाखान्यात म्हातारबांच्या खाटेवरून तो मी महिनाभर ऐकला होता.

दसऱ्याच्या दुपारी आम्ही दोघं घाटावर बसलो होतो. मी गंमत करतोय असं दाखवून म्हणालो, दादा, एका दमात आकडे म्हण बघू. तो हसला, छाती फुगवली आणि म्हणायला लागला. चौदावर थांबला. लगेच तंबाखूची पिंक टाकली, जणू पिंक टाकायची म्हणूनच थांबला होता. मी काही बोलायच्या आत तोच बोलला.

“आता तू मला शिकवायचास व्हय रं? कंदील पेटतोय तवर मला काय हुत न्हाई.”

आता जे लिहितोय ते सुंदरालाही मी कधी सांगितलेलं नाही. चौदा ऐकून मला आधी बरं वाटलं. आता कळेल, असं मनात आलं. मी काय मिरजंला जाऊन निजलो, असं विचारत होता ना, आता त्यालाही माझ्यासारखं पायऱ्यांवर थांबू दे, मग बघू. त्याच वेळी त्याचा हात धरून मी मिरजेला निघायला हवं होतं. मला आकडा माहीत होता, त्याचा अर्थ माहीत होता, आणि गावात तो अर्थ माहीत असलेला मी एकटाच होतो. मी मनाशी म्हटलं, दिवाळीनंतर सांगू. चार दिवस त्याला जरा सोसू दे.

दिवाळी झाली. व्यापाऱ्याची घाई होती, पेव मोठं होतं. सकाळी कंदील सोडला तेव्हा ज्योत थोडी मंद होती, पण पेटलेली होती. उतरायच्या आधी दादानं माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं होतं. टोळीतली चार माणसं आजूबाजूला उभी होती, त्यांच्यासमोर मुकादमाला छातीचं काय विचारायचं, म्हणून मी दोर नीट करत बसलो.

तीन पोती वर आली. चौथं यायला वेळ लागला. मी हाक मारली. पुन्हा मारली. मग टोळीतला एक जण उतरला आणि खालून ओरडला की मुकादम बसलाय, बोलत नाही. आम्ही ओढलं. मला ओढता येत नव्हतं, तरी मी दोर सोडला नाही. दादाला वर आणून उन्हात निजवला. मी त्याच्या छातीला कान लावला. तो चुरचुर आवाज थांबला होता.

खाली राहिलेला कंदील कुणीतरी ओढून वर घेतला. तो पेटलेलाच होता.

*

कुणी मला बोललं नाही. बोलणार कोण? कंदील पेटत होता, सगळ्यांनी बघितला होता. वहिनी म्हणते, देवानं नेलं. मी मान हलवतो.

त्यानंतर मी टोळीला एक नेम घातला. पहिल्यांदा सगळे हसले, आता हसत नाहीत. कंदील खाली गेला, पेटत राहिला, तरी कुणी लगेच उतरायचं नाही. आधी माझ्यासमोर उभं राहून एका दमात आकडे म्हणायचे. तीसच्या अलीकडं जो थांबेल त्यानं त्या दिवशी वर राहायचं, मग तो मुकादम असो नाहीतर कुणी. दोघांना मी असं मिरजेला पाठवलं. एक कामावर परत आला. दुसरा येणार नाही, पण घरी आहे, जेवतो, पोरांवर ओरडतो.

तुमच्या घरात कुणी असा ताप सोसून उठलेला असेल तर त्याला आकडे म्हणायला लावा. आजच लावा. त्याला राग येईल, येऊ द्या. तुम्हाला त्याचा राग आला असेल तरी लावा.

माझे अजून अकराच होतात. रोज सकाळी पेवाच्या तोंडाशी एकेक जण माझ्यासमोर उभा राहतो आणि म्हणायला लागतो. बारा, तेरा. चौदा आला की मी खाली मातीकडं बघतो. पंधरा ऐकू आलं की मान वर करतो.